जूनमध्ये सहावीचं गणित हातात घेताना

जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे सहावी आणि सातवीचं गणित आलं आहे. शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेत. आधीचे गुरुजी सांगून गेलेत की निम्म्या वर्गाला भागाकार येत नाही. मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम वेळेत हवा आहे. आणि दिवाळीच्या सुमारास बरीच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. पहिल्या दिवसांत नेमकं काय करू आणि कशाला आधी हात घालू, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मीही मराठवाड्यातल्याच शाळांतून सहावी ते आठवीचं गणित बरीच वर्षं शिकवलं, म्हणून तुमच्या प्रश्नातल्या एकेका ओळीची अडचण मला ठाऊक आहे. उत्तर लांब होईल, पण त्यात सांगायची गोष्ट एकच आहे. पहिले तीन आठवडे मुलांच्या चुका वाचण्यात घाला. ‘भागाकार येत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. भागाकाराच्या जागी मूल काय करतं, ते कळलं की काम सुरू होतं.

ही अडचण तुमच्या एकट्या शाळेची नाही, हेही लक्षात असू द्या. ‘असर’ नावाच्या शैक्षणिक पाहण्यांत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला देतात. हा भागाकार करू शकणारी मुलं वर्षानुवर्षं निम्म्याहून कमीच निघतात. म्हणजे सहावीत तुमच्यासमोर बसणारी मुलं काही वेगळी नाहीत, आणि आधीच्या शिक्षकांनी काही केलं नाही असंही समजू नका.

पहिला दिवस प्रवेशोत्सवाचा. फुलं, पुस्तकांचं वाटप, गोड खाऊ, गावातली मंडळी. त्या दिवशी गणिताचा तास होत नाही आणि होऊही नये. पहिली खरी तासिका दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मिळेल. त्या तासाला नियम सांगत बसू नका, वह्या किती पानी हव्यात हेही नंतर सांगा. फळ्यावर एक खेळ मांडा.

कोणतीही तीन अंकी संख्या घ्यायची, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. त्याच अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या बनवायची आणि मोठीतून लहान वजा करायची. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा ३७१ घेतली. ७३१ मधून १३७ गेले, राहिले ५९४. मग ९५४ मधून ४५९ गेले, राहिले ४९५. पुन्हा केलं तरी ४९५ च. एखाद्याचं उत्तर ९९ आलं तर ते ०९९ असं लिहून पुढं जायचं. कुणी कुठलीही संख्या घेवो, जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत सगळे ४९५ वर येऊन थांबतात. मग चार अंकी संख्या द्या. ती ६१७४ वर थांबते. ९२१० मधून ०१२९ वजा करा, ९०८१ येतात. तिथून ९६२१, मग ८३५२, आणि मग ६१७४.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली जाहीर केला आणि आज जगभर तो कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. मुलांना हे जरूर सांगा. आपल्याच मुलखातल्या एका शाळेतल्या गुरुजींनी हे काढलं म्हटल्यावर मुलांची पाठ ताठ होते. पण हा खेळ मी पहिल्याच तासाला घेते त्याचं कारण आणखी साधं आहे. तासाभरात प्रत्येक मूल हातच्याच्या वजाबाक्या एकामागून एक करतं आणि कुणालाही तो सराव वाटत नाही. ज्याचं उत्तर ४९५ वर येत नाही त्याला आपोआप कळतं की मध्ये कुठंतरी घसरलं, आणि तो स्वतःच मागं जाऊन शोधतो. तुम्ही तेवढा वेळ ओळींतून फिरायचं. कोण बोटं मोजतंय, कोण शेजाऱ्याचं बघून लिहितंय, कुणाची पाटी कोरी आहे, ते पाहायचं. बोलायचं कमी.

दुसऱ्या दिवशी आठ प्रश्नांचा एक कागद द्या. याला चाचणी म्हणू नका. मार्क नाहीत, असं फळ्यावर ठळक लिहा. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा, कारण तुम्हाला कच्चं काम पाहायचं आहे. पहिला प्रश्न तोंडी: दहा हजार पन्नास, एकोणसत्तर, पाच हजार सात अंकांत लिहा. मग ३००२ − १४५७. मग ६१८ ÷ ६. मग ८ + ४ = ☐ + ५, चौकटीत काय? मग १/२, १/३ आणि १/४ लहानापासून मोठ्याकडे लावा. मग १/२ + १/३. मग ३.१५ मोठी की ३.४? आणि शेवटी, एका डब्यात ६ लाडू मावतात, तर ४५ लाडूंना किती डबे लागतील?

आता मुद्द्याची गोष्ट. या कागदांना मार्कांप्रमाणे लावू नका, चुकांप्रमाणे गठ्ठे करा.

३००२ − १४५७ चं उत्तर १५४५. एखाद्या कागदावर २४५५ दिसेल. त्या मुलानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. दुसऱ्या कागदावर १६५५ दिसेल. हे मूल बरंच पुढं आहे. शून्याचे दहा करायचे हे त्याला माहीत आहे, पण त्या दहातून एक पुढच्या घराला दिला की नऊच उरतात, हे त्याच्या हातून सुटतं. दोघांनाही आपण लाल पेनानं सारखीच फुली मारतो. पण पहिल्याला दशक-सुटे घेऊन पुन्हा एकदा मांडून दाखवावं लागेल आणि दुसऱ्याचं काम खेळण्यातल्या नोटा घेऊन एका बैठकीत होईल: हजाराची नोट मोडून शंभराच्या दहा, त्यातली एक मोडून दहाच्या दहा. दोघांना एकत्र बसवून तीच वजाबाकी फळ्यावर पुन्हा करून दाखवली तर पहिल्याला कळणार नाही आणि दुसरा कंटाळेल.

भागाकाराचंही तसंच. ६१८ ÷ ६ चं उत्तर १३ असं लिहिणारी मुलं तुम्हाला पुष्कळ भेटतील. सहाला सहाचा भाग गेला, एकाला जात नाही, म्हणून आठ खाली ओढले, अठराला तीन. मधलं शून्य लिहायचं राहिलं. या मुलांना भागाकार येतो, जागेची किंमत निसटली आहे. त्यांना भागायच्या आधी अंदाज करायला लावा. सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर एकेकाला किती? शंभर. मग सहाशे अठरा वाटून तेरा कसे येतील? असा अंदाज रोज दोन मिनिटं तोंडी घेतलात तर महिन्याभरात फरक दिसतो. ज्यांनी काहीच लिहिलेलं नाही त्यांचं मात्र वेगळं आहे. त्यातल्या कित्येकांचा खोळंबा पाढ्यांनी केलेला असतो, त्याबद्दल पुढं सांगते.

डब्यांच्या गणितात बहुतेक जण ७ लिहितील, नाहीतर ‘७ बाकी ३’. उरलेल्या तीन लाडवांचं काय, असं विचारा. मुलं क्षणात आठ म्हणतात. म्हणजे समज आहे, पण वहीतलं गणित आणि घरातले लाडू यांचा संबंध असतो हे त्यांना शाळेत कुणी विचारलेलं नाही.

आता माझ्या मते या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ८ + ४ = ☐ + ५. बरोबर उत्तर ७. वर्गातली हुशार मानली जाणारी मुलंही १२ लिहितात. काही जण पुढचे पाचही मिळवून १७ लिहितात. कारण पहिलीपासून त्यांनी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असाच घेतला आहे. त्यांच्या पुस्तकात, वहीत, फळ्यावर डावीकडं गणित आणि उजवीकडं उत्तर, असंच कायम आलं. आपणही फळ्यावर घाईत १२ + ५ = १७ × २ = ३४ असं लिहून जातो, आणि मुलं ते डोळ्यांनी टिपतात. हा समज घेऊन मूल समीकरणांच्या धड्यात शिरलं की त्याला ‘पलीकडं नेल्यावर चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ करता येतं, का बदलतं ते कधीच कळत नाही. सातवीच्या बैजिक राशींत आणि आठवीत तेच पाठांतर फसतं. म्हणून सहावीच्या पहिल्या महिन्यात रोज एक विधान फळ्यावर लिहा आणि चूक की बरोबर एवढंच विचारा: ७ = ७. १५ = ८ + ७. ६ + ९ = ९ + ६. ८ + ४ = १२ + ५. ‘७ = ७’ हे चूक आहे, यात गणितच नाही, असं म्हणणारी मुलं निघतील. त्यांच्याशी भरपूर बोला, तो वेळ वाया जात नाही.

अपूर्णांकांत १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण चार तीनपेक्षा मोठे; आणि १/२ + १/३ = २/५, कारण वरचे वर आणि खालचे खाली. दुसऱ्या चुकीवर लगेच छेद समान करायची रीत सांगू नका. आधी कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या दुमडायला द्या आणि विचारा, २/५ हा अर्ध्यापेक्षा मोठा की लहान? लहान. मग अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं? हा धक्का मुलांना स्वतःला बसू द्या. रीत त्यानंतर सांगितली तर ती टिकते.

इथं आपल्याकडची जुनी ठेव वापरा. गावातल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांचे ते पाढे. मुलांनी ते पाठ करावेत असं मी म्हणत नाही. पण दिडकीचा पाढा मुलांना तयार करायला सांगा: एक दीड, दोन दिडं तीन, तीन दिडं साडेचार. आजोबांना विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात चार वेगवेगळ्या चाली ऐकायला मिळतात, आणि ३ × १ १/२ या गणिताची भीती निघून जाते. पावशेर, पाऊण तास, सव्वा लाख हे शब्द मुलांच्या तोंडी आहेतच. त्यांचा वहीतल्या १/४ शी सांधा जुळवून द्यायचं काम तेवढं आपलं.

दशांशाकडं नीट लक्ष द्या. ३.१५ ला मोठी म्हणणारं मूल पंधरा आणि चार यांची तुलना करतं. याला आपण हातभार लावतो, कारण आपण ‘तीन पॉइंट पंधरा’ वाचतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून ‘तीन दशांश चिन्ह एक पाच’ असंच वाचा आणि मुलांनाही तसंच वाचायला लावा. मुलांच्या रोजच्या ओळखीची एक गोष्ट इथं आडवी येते ती म्हणजे क्रिकेटची षटकं. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. ४.५ नंतर एक चेंडू पडला की सरळ ५. तिथला टिंब दशांश चिन्ह नाही, हे मुलांना स्वतःहून शोधू द्या. सहावीच्या वर्गात यावर चांगला वाद होतो. याउलट सातबारा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असतं आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर, तेव्हा ०.४० म्हणजे चाळीस आर. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला एक एकर म्हणजे चाळीस गुंठे हे माहीत असतंच. सातवीला क्षेत्रफळ शिकवताना पटांगणात ३३ फूट बाजूचा चौरस दोरीनं आखा. तो एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्याला चाळिसानं गुणलं की एकराचे ४३,५६० चौरस फूट मुलं स्वतः काढतात. आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान असतो, हेही मोठ्या मुलांना पुढं मोजून दाखवता येतं.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडंच. दहा हजार पन्नास हे १००००५० असं लिहिणारं मूल ऐकलं तसं लिहितं. त्याला स्थानिक किमतीचा तक्ता पुन्हा हवा. पण एकोणसत्तरला अडखळणारं मूल कदाचित गणितात नव्हे, शब्दात अडखळत असेल. तुमच्या शाळेत तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी बोलणारी मुलं असतील तर हे फार दिसेल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडतात, त्यांना हा आधार आहे. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. सहावीत अडणाऱ्या मुलाला ‘साठ आणि नऊ’ म्हणू द्या, आणि ‘एकोणसत्तर’ हळूहळू शेजारी आणा.

आता पाढे. पाढे हवेतच. दहापर्यंतचे पाढे विचारल्याबरोबर आले पाहिजेत, नाहीतर अपूर्णांक, विभाज्यता, मसावि, लसावि सगळंच जड जातं. पण पाढे येईपर्यंत भागाकार शिकवायचा नाही, हा हट्ट धरू नका. ज्यांना येत नाहीत त्यांना पाढ्यांचा कागद वहीच्या आत चिकटवून द्या आणि तो बघून भागाकार करू द्या. भागाकाराची पद्धत समजली की मूल स्वतःच तो कागद बघायचं कमी करतं. सतरा सक किती हे आठवत नसेल तर दहा सक साठ आणि सात सक बेचाळीस, मिळून एकशे दोन, हा मार्ग दाखवा. सबंध वर्गानं एका सुरात पाढे म्हणायचे, त्यात न येणारं मूल नुसतं तोंड हलवतं आणि ते तुम्हाला कळत नाही. दोघादोघांनी एकमेकांना विचारायला सांगा.

आणखी एक अडसर सांगून ठेवते, कारण तो बहुतेक मुलांच्या डोक्यात आधीच बसलेला असतो: कंचेभागुबेव, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम. मुलं ते मंत्रासारखं म्हणतात आणि १० − ३ + २ चं उत्तर ५ काढतात, कारण ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर. बरोबर उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीच्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची, भागाकार-गुणाकाराचंही तसंच. शब्द पाठ असू द्या, पण दहा रुपयांतले तीन खर्च झाले आणि मग दोन मिळाले, तर खिशात किती, हे एकदा विचारा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण पहिला घटक केव्हा घेऊ? याला सोपा मार्ग आहे. बालभारतीचं सहावीचं पुस्तक भूमितीतल्या मूलभूत संबोधांपासून आणि कोनांपासून सुरू होतं, सातवीचं भौमितिक रचनांपासून. त्यात भागाकार लागत नाही, अपूर्णांक लागत नाहीत. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची धरली तर पहिली पंधरा मिनिटं संख्यांचं उजळणीचं काम आणि उरलेला वेळ भूमिती, असं तीन आठवडे चालवा. पाठाच्या टाचणात दोन्ही लिहा. अभ्यासक्रम अडत नाही, मुख्याध्यापकांना पहिला घटक संपलेला दिसतो, आणि जे मूल संख्यांमुळं गणिताला घाबरतं त्याला कर्कटक आणि कोनमापक हातात घेऊन पहिल्याच महिन्यात काहीतरी जमतं. भूमितीत नजर एवढ्यावर ठेवा: भुजा लांब काढल्या की कोन मोठा होतो असं मुलांना वाटतं. दोन काड्या टाचणीनं जोडून उघडमीट करून दाखवा. आठवीचा वर्ग कधी तुमच्याकडं आला तर तिथं दुसरा धडा, समांतर रेषा आणि छेदिका, आधी घ्या आणि परिमेय-अपरिमेय संख्या मागाहून.

मुख्याध्यापकांशी याबद्दल पहिल्याच आठवड्यात बोला, आणि जाताना चुकांचे ते गठ्ठे बरोबर न्या. शब्दांपेक्षा कागदांनी काम होतं. पायाभूत चाचणी जवळ आलेली असतेच. ती याच गोष्टींवर असते, हेही सांगा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास धरलेले आहेत. पण पेरणीच्या आठवड्यात निम्मा वर्ग नसतो, आषाढीला गाव रिकामं होतं, पोळा, गणपती, दसरा आहेतच. वार्षिक नियोजन करताना हे दिवस आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि उरलेल्या दिवसांत घटक बसवा. छापील नियोजन तसंच्या तसं उतरवून घेतलं तर ऑगस्टमध्येच ते कोलमडतं.

रोजच्या कामात एकच सवय लावून घ्या. तासाच्या शेवटी पाच मिनिटं राखून ठेवा, प्रत्येक मुलाला वहीच्या पानाचा चतकोर द्या आणि आज शिकवलेल्यावर एक, फक्त एक उदाहरण सोडवायला सांगा. चिठ्ठ्या गोळा करा. मधल्या सुट्टीत खिचडी वाटून झाली की दहा मिनिटांत तीन ढीग होतात: समजलं, थोडं घसरलं, काहीच नाही. उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते त्या ढिगांवरून ठरतं. दोन वर्गांच्या सगळ्या वह्या रोज तपासणं कुणालाच शक्य नाही. वह्या पाळीपाळीनं तपासा, पण चिठ्ठ्या चुकवू नका.

आणि मुलांना विचारायचा प्रश्न: ‘कसं केलंस, सांग बरं.’ हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारला तर तो ऐकला की मुलं लगेच खोडायला लागतात. विचारल्यानंतर थांबा. दोन-चार क्षणांच्या शांततेत आपल्याला अवघडतं आणि आपणच उत्तर देऊन टाकतो; तेवढी शांतता सोसायची. न येणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभं करून ठेवू नका. मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: घाबरलेलं मूल विचार करत नाही, सुटकेची वाट बघतं. ‘अप्रगत’ हा शब्द कागदोपत्री कुठं लिहावा लागला तर लिहा. वर्गात, मुलांच्या कानावर तो पडू देऊ नका. अप्रगत मुलांची वेगळी रांगही करू नका; गट चुकांनुसार करा आणि दर पंधरवड्याला बदला. आज भागाकाराच्या गटात असलेली मुलगी उद्या कोनांत सगळ्यांच्या पुढं असते, आणि ते वर्गाला दिसलं पाहिजे.

पालकसभेत गणिताची भीती घालू नका. बहुतेक आया म्हणतील, आम्हालाही गणित जमायचं नाही. त्यांना सांगा, बाजारातून आल्यावर हिशोब मुलीकडून करून घ्या, कापूस मोजाल तेव्हा पावती तिला वाचू द्या. एवढं पुरे.

शेवटी ऊसतोडीचं. ज्या मुलांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात, त्यांच्यासाठी तुमचं शैक्षणिक वर्ष जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचंच आहे, असं धरून चाला. पुस्तकाचा क्रम त्यासाठी बदलावा लागला तर बदला. सहावीत पूर्णांक संख्या, अपूर्णांक, दशांश, विभाज्यता आणि समीकरणांची ओळख दिवाळीआधी झालीच पाहिजे. स्तंभालेख, सममिती, त्रिमितीय आकार दुसऱ्या सत्रात गेले तरी चालतात. नफा-तोटा आणि शेकडेवारी अपूर्णांक पक्के असतील तर लवकर होतात. सातवीला परिमेय संख्या आणि बैजिक राशी आधी, जोडस्तंभालेख आणि वर्तुळ मागाहून.

कोणाच्या घरून कोण जाणार याची यादी जुलैतच करा, मुलांनाच विचारा, त्यांना पक्कं माहीत असतं. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडून ते वेळेत सुरू करून घ्या आणि पालकांशी एकेकाशी बोला. आजी-आजोबांजवळ राहू शकणारं मूल थांबलं तर फार मोठं काम झालं. जे जाणारच आहे त्याचं शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळाजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. कार्डाबरोबर तुमच्या हातानं लिहिलेला अर्धा कागदही द्या. त्यावर टक्के नकोत. साध्या शब्दांत लिहा: हातच्याची वजाबाकी पक्की, भागाकारात मधलं शून्य सुटतं, अपूर्णांकांची तुलना येते, बेरीज अजून नाही. तिथल्या शिक्षकांना यातून एका मिनिटात कळतं कुठून धरायचं. त्याचीच एक प्रत तुमच्या हजेरीपत्रकात ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत आलं की त्याला सगळ्या वर्गाबरोबर बाराव्या-तेराव्या धड्यात ढकलू नका आणि पुन्हा पहिल्या धड्यावरही नेऊ नका. तो कागद काढा, त्यातलं एकेक उदाहरण त्याच्याकडून करून घ्या, आणि जिथं अडेल तिथून सुरू करा.